लग्नाला साक्षी कोण?

ऑगस्ट १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक इंदिराराजे लंडनमधल्या एका हॉटेलात बोहल्यावर चढली. नवरदेव होते कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण. विधी वराकडचे, म्हणजे ब्राह्म समाजाच्या पद्धतीचे झाले. वधूकडून मात्र आई, वडील, भाऊ, मामा यांपैकी कोणीही हजर नव्हतं.

इंदिराराजेंचं लग्न आधी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. गायकवाड आणि शिंदे ही दोन्ही मातब्बर मराठा घराणी, त्यामुळे जगाच्या दृष्टीने याहून चांगलं स्थळ नव्हतं. पण माधवरावांना आधीची पत्नी होती आणि इंदिराराजे सवतीवर जाणार होत्या. १९११च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांची जितेंद्र यांच्याशी ओळख झाली. घरात कोणालाही न सांगता त्यांनी शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडलं. या पत्राचा अर्थ काय, अशी ग्वाल्हेरची तार बडोद्याला आली, तेव्हा कुठे आईवडिलांना प्रकरण कळलं. पुढची जवळजवळ दोन वर्षं विरोधात गेली. अखेर परवानगी मिळाली, पण ती लंडनला जाऊन लग्न करण्यापुरती. ज्या सयाजीरावांनी १९०४मध्येच आपल्या संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, त्यांनाही मुलीच्या मनासारखं लग्न बडोद्याच्या मांडवात, आप्तेष्टांसमोर लावून देणं जमलं नाही.

आज पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-नागपूरच्या घरांत फुकेत की बाली, दुबई की दा नांग अशी चर्चा रंगते. तेव्हा हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवावा असं मला वाटतं. लग्नाची जागा ठरते त्या क्षणी लग्नाला कोण उभं राहणार हेही ठरून जातं. समुद्र, डोंगर, खोल्यांचं भाडं, जेवणाचा दर हे सगळं नंतरचं. माणसं परदेशी जाऊन लग्न का करतात, याचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दर वेळी एकच प्रश्न समोर येतो: या जागेमुळे कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं?

आपल्याकडे लग्नाची नोंद कागदावर होत नव्हती, तेव्हा जमलेली माणसं हाच पुरावा होता. मुलीच्या दारात मुहूर्तमेढ रोवली की गावाला कळायचं. वऱ्हाड आलं की गावाच्या वेशीवर सीमांतपूजन व्हायचं आणि मग ते जानवसघरी उतरायचं. कुंभार मडकी आणून द्यायचा, परीट पायघड्या घालायचा, गुरव पत्रावळी पुरवायचा. उद्या वाद झालाच तर यांपैकी कोणीही सांगू शकत होतं की हो, हे लग्न लागलं, मी तिथे होतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिलं लग्न लावलं. त्यात पुरोहित वगळला होता, जमलेले लोक नव्हे. वधूवरांनी एकमेकांना वचनं द्यायची ती समाजासमोरच.

पण जो गाव साक्षीला उभा राहतो तोच गाव पहाराही देतो. जातीबाहेर, घराच्या मर्जीबाहेर लग्न करणाऱ्याला त्याच मांडवात जागा नसते. म्हणून पळून जाणं आलं आणि पळून जायला सोयीची ठिकाणंही तयार झाली. या बाबतीत ग्रेटना ग्रीनएवढं नाव दुसऱ्या कुठल्याच गावाने कमावलं नसेल.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १७५३मध्ये चोरून होणाऱ्या लग्नांना पायबंद घालणारा कायदा केला. लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि मार्च १७५४पासून तो लागू झाला. लग्न चर्चमध्येच व्हायला हवं, आधी जाहीर पुकारा किंवा परवाना हवा, आणि परवान्याने लग्न करणारा एकवीस वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती हवी. त्या काळी मोठ्या इस्टेटींच्या वारस मुलींना फूस लावून लग्न करणाऱ्यांचा सुळसुळाट होता, तेव्हा कायद्यामागे कारण होतं. मात्र तो स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची असली आणि दोघांनी दोन साक्षीदारांसमोर आम्ही नवरा-बायको आहोत असं म्हटलं की लग्न झालं. पाद्री नको, पुकारा नको, बापाची सही नको.

इंग्लंडमधून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाडीच्या रस्त्यावर सरहद्द ओलांडली की लागणारं पहिलंवहिलं गाव म्हणजे ग्रेटना ग्रीन. गावातल्या लोहाराच्या ऐरणीवर हातोडा पडला की लग्न लागलं अशी ख्याती पसरली. लग्न लावणाऱ्यांना ‘ऐरणीचे पाद्री’ म्हणत, पण त्यातले सगळेच लोहार नव्हते. जोडपं दारात उभं राहिलं की आजूबाजूचे कोणीही दोघे साक्षीदार म्हणून बोलावले जात. पाठलाग करणारा बाप पोचायच्या आत काम उरकायचं असे.

१७८२मध्ये लंडनचे बडे सावकार रॉबर्ट चाइल्ड यांची मुलगी सारा अर्ल ऑफ वेस्टमोरलंडबरोबर अशीच ग्रेटनाला पळाली. बाप घोडागाडी घेऊन मागे लागला. तो जवळ आला तेव्हा अर्लने त्याच्या गाडीच्या पुढच्या घोड्याला गोळी घातली, असं सांगतात. लग्न झालं आणि कायद्याने टिकलंही. चाइल्ड यांनी मृत्युपत्र असं बदललं की मालमत्ता जावयाच्या घराण्याच्या वारस मुलाकडे जाऊ नये. ती पुढे नातीला मिळाली. ते स्वतः त्याच वर्षी वारले.

ही झाली प्रेमविवाहाची गोष्ट, आणि ग्रेटनाच्या नावाभोवती आजही याच गोष्टींची झालर आहे. पण त्याच ऐरणीवर १८२६मध्ये जे घडलं ते विसरता कामा नये. एडवर्ड गिबन वेकफील्ड नावाच्या माणसाने लिव्हरपूलच्या शाळेतून एलन टर्नर या पंधरा वर्षांच्या मुलीला, आई अत्यवस्थ असल्याची खोटी चिठ्ठी पाठवून बाहेर काढलं. ती एका श्रीमंत गिरणीमालकाची मुलगी होती. वाटेत त्याने तिला सांगितलं की तुझ्या वडिलांचा व्यवसाय बुडाला आहे आणि तू माझ्याशी लग्न केलंस तरच ते वाचतील. वडिलांना वाचवण्यासाठी मुलीने होकार दिला. ग्रेटनात लग्न लागलं. साक्षीदार होते, पण ती कोण, कुठली, रडते आहे का, घाबरली आहे का, हे विचारण्याइतकी त्यांची तिच्याशी ओळख नव्हती. तिच्या नातेवाइकांनी फ्रान्समधल्या कॅले इथे जाऊन तिला सोडवलं. वेकफील्डला तीन वर्षांची कैद झाली आणि लग्न रद्द करायला पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. हाच वेकफील्ड पुढे न्यूझीलंडमध्ये इंग्रजांच्या वसाहती वसवणाऱ्यांपैकी एक म्हणून नावाजला गेला.

साक्षीदार कुठून आला यामुळे लग्नात किती फरक पडतो, हे एलन टर्नरच्या बाबतीत दिसतं. ओळखीच्या चार बायका त्या खोलीत असत्या तर हे लग्न लागलं नसतं.

लॉर्ड ब्रूम यांच्या पुढाकाराने १८५६मध्ये स्कॉटलंडसाठी नियम आला: लग्नाआधी दोघांपैकी एकाने तरी एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं. मुद्दा सरळ होता. ज्या भूमीवर लग्न लावायचं त्या भूमीने तुम्हाला थोडं तरी पाहिलेलं असावं. नुसत्या घोषणेने लग्न लावण्याची पद्धत १९४०मध्ये बंद झाली. ग्रेटनाला लग्नासाठी जाणं मात्र थांबलेलं नाही. आज तिथे रीतसर नोंदणीची लग्नं होतात आणि ऐरण फोटोत असते.

आपल्या देशातही कायद्याची सरहद्द पाहून लग्नाची जागा निवडली गेली आहे, आणि ती गोष्ट पुन्हा कूचबिहारकडेच नेते. जितेंद्र यांचे आजोबा म्हणजे ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन. त्यांच्याच खटपटीतून १८७२चा विवाह कायदा झाला. वधू किमान चौदा वर्षांची आणि वर अठराचा हवा, ही अट त्यात होती. आणि १८७८मध्ये याच केशवचंद्रांनी आपली तेरा वर्षांची मुलगी सुनीतीदेवी कूचबिहारच्या पंधरा वर्षांच्या राजाला दिली. लग्न कलकत्त्यात न होता कूचबिहारमध्ये झालं. ते संस्थान होतं, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे चालत नव्हता. विधीही राजवाड्याच्या आग्रहाप्रमाणे बरेचसे हिंदू पद्धतीचे झाले. अनुयायांना हा विश्वासघात वाटला. त्याच वर्षी ब्राह्म समाज फुटला आणि साधारण ब्राह्म समाज वेगळा झाला. सुनीतीदेवींच्या लग्नाला कायद्याच्या आवाक्याबाहेरची जागा शोधली गेली. पस्तीस वर्षांनी त्यांच्या मुलाचं लग्न सासरच्या माणसांच्या आवाक्याबाहेर, लंडनला झालं.

कायद्यापायी सरहद्द ओलांडावी लागणं आजही संपलेलं नाही. लेबनॉनमध्ये प्रत्येक पंथाचा स्वतःचा विवाह कायदा आहे, पण देशात नागरी विवाहाची सोय नाही. इस्रायलमध्येही लग्न धर्मसंस्थांच्या हाती आहे. म्हणून भिन्न धर्मांची जोडपी तासाभराच्या विमानप्रवासाने सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत लग्न करतात आणि दाखला घेऊन परततात. अशाच एका लग्नाची नोंद सरकारने केली पाहिजे असा निर्णय इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये दिला, आणि तेव्हापासून ही वाट रुळली. अबुधाबीने २०२१मध्ये बिगरमुस्लिमांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला. आपल्याकडे १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस कार्यालयात जाहीर लावली जाते. आंतरधर्मीय जोडप्यांसाठी हे तीस दिवस फार मोठे असतात. समलिंगी जोडप्यांना तर २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतात लग्नाचा हक्कच नाही. थायलंडने जानेवारी २०२५पासून तो दिला. अशी जोडपी परदेशात जागा शोधतात तेव्हा त्यांना उधळपट्टीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांना हवी असलेली साक्ष आपण नाकारली आहे.

बाकीच्यांची गोष्ट वेगळी आहे. ज्यांच्या लग्नाला कायद्याचा अडथळा नाही, घरच्यांचा विरोध नाही, ते का जातात? इथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र बदललं. २००४मध्ये पोलादसम्राट लक्ष्मी मित्तल यांच्या मुलीचं लग्न फ्रान्समधल्या व्हो-ल-व्हिकोंत या प्रासादात झालं आणि जगभर गाजलं. २०१७मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न इटलीतल्या टस्कनीत झालं, २०१८मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लेक कोमोच्या काठी. या मंडळींना तिथे जाण्याचं खरंखुरं कारण होतं. भारतात त्यांना चार भिंतींआड लग्न करणं अशक्य होतं. गर्दीपासून लांब जाणं हीच त्यांची गरज.

मध्यमवर्गीय घरांनी त्यातली गरज सोडून दिली आणि जागा तेवढी उचलली. लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानाने लंडनला निघतं आणि प्रेक्षक हसून लोळत, कारण असं काही होईल हे कोणाला खरं वाटत नव्हतं. त्या वऱ्हाडात सगळा गोतावळा होता, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. आज तेच वऱ्हाड निघतं तेव्हा त्यातून माणसं गाळावी लागतात. हॉटेल साठ खोल्या देतं, म्हणजे एकशे वीस माणसं. त्यात वधूवरांचे मित्र-मैत्रिणी निम्म्या जागा घेतात. उरलेल्या साठांत दोन्हीकडचे सख्खे बसवायचे. चुलत, मावस, आते यांना हात लावायचा नाही. ज्या काकूंनी मुलीला लहानपणी चार-चार महिने सांभाळलं त्यांचं नाव यादीत असतं, पण त्यांना गुडघ्यांचं दुखणं आहे, पासपोर्ट नाही, आणि आपल्यासाठी कोणी तिकिटाचा खर्च करावा हे त्यांना रुचत नाही. त्या स्वतःच म्हणतात, तुम्ही जाऊन या, मी इथल्या रिसेप्शनला येईन. यजमानांना हायसं वाटतं.

नोव्हेंबर २०२३मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये परदेशी लग्न करणाऱ्या कुटुंबांबद्दल चिंता व्यक्त केली आणि लग्नं भारतात करा असं आवाहन केलं. देशातला पैसा देशात राहावा हे म्हणणं चुकीचं नाही. पण उदयपूरच्या महालात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर केलेल्या लग्नालाही काकू येऊ शकल्या नाहीत तर माझ्या दृष्टीने फुकेत आणि उदयपूर यांत फारसा फरक उरत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. इंदूरचे तुकोजीराव होळकर १९२६मध्ये गादीवरून पायउतार झाले होते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी त्यांना लग्न करायचं होतं. पैसा मुबलक होता, युरोपात कुठेही लग्न लावता आलं असतं. तरी मार्च १९२८मध्ये नॅन्सी मिलर यांची नाशिकला शुद्धी झाली, शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते. धनगर समाजातल्या एका कुटुंबाने त्यांना लेक मानलं आणि नर्मदेकाठच्या बडवाह इथे लग्न लागलं. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. परक्या मुलीचं लग्न जिथे आपल्या माणसांना पोचता येईल तिथे लावायचं, आधी तिला माहेर मिळवून द्यायचं आणि मग मांडव घालायचा, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

परदेशी लग्नाला माझा सरसकट विरोध नाही. मुलगी डब्लिनला, मुलगा सिंगापूरला, त्याचे आईवडील मेलबर्नला आणि तिचे सांगलीला असतील तर मधलं एखादं ठिकाणच सगळ्यांना जवळचं पडेल. अशा वेळी बँकॉक हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र ठरवण्याआधी दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात, कारण हॉटेलचा माणूस त्या सांगत नाही.

पहिली कायद्याची. थायलंडमध्ये समुद्रकिनारी मंडपात कितीही थाटात विधी झाले तरी सरकारदरबारी लग्न होतं ते तिथल्या जिल्हा कार्यालयात नोंद झाल्यावर. भारताच्या १९६९च्या परदेशी विवाह कायद्याखाली दूतावासात लग्न करता येतं, पण दोघांपैकी एकाने त्या अधिकाऱ्याच्या हद्दीत आधी किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. लॉर्ड ब्रूम यांचे एकवीस दिवस इथे वाढून तीस झाले आहेत. चार दिवसांच्या समारंभाला हे जमणारं नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, ज्या घरात सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, आणि भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना देशाबाहेरही हा कायदा लागू आहे. तरी नोंदणीचा दाखला लागतोच, विशेषतः जोडीदाराच्या व्हिसासाठी, आणि परदेशात झालेल्या लग्नाची नोंद इथे कोणाच्या हद्दीत करायची यावरून कार्यालयांत खेटे घालावे लागतात. म्हणून बरीच कुटुंबं आधी इथे विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करतात आणि मग समारंभाला बाहेर जातात. हे सर्वांत निर्धोक. मात्र विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नुसता दाखला मिळवला तर लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरी विधींची. होमाला उघडा अग्नी लागतो आणि बंद सभागृहात धूर झाला की धोक्याची घंटा वाजते. तेव्हा परवानगी तोंडी नको, करारात हवी. मुहूर्त दिनदर्शिकेत पाहून चालत नाही. लग्नघटिका त्या गावाच्या अक्षांश-रेखांशावर अवलंबून असते, गुरुजींकडून तिथली काढून घ्यावी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ताजी पानं, फुलं, बिया आत नेण्यावर कडक बंधनं आहेत. आंब्याचे डहाळे आणि विड्याची पानं तिथेच कोणाकडून मिळतील हे आधी विचारावं.

तिसरी आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या बायकांची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नसे, तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहिलं जाई. माहेरची शकुंतला सासरी सुमती व्हायची. आजीचं लग्न अख्ख्या गावाने पाहिलं, पण त्याची नोंद कुठेच नाही. शाळेचा दाखला असलाच तर एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या, आधारवर तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टचा अर्ज भरायला बसलं की हे सगळं उघडं पडतं. या दोन्ही बाया एकच आहेत हे सांगणारे बहुतेक साक्षीदार आता हयात नाहीत. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदलाची जाहिरात, आधारची दुरुस्ती, पोलीस पडताळणी अशी कामं एकामागून एक निघतात आणि त्यात कित्येक महिने जातात. नातीच्या लग्नाला आजी हवी असेल तर ही कागदपत्रं हॉटेलला अनामत रक्कम भरण्याच्या आधी काढायला घ्यावीत, आणि ती वेळेत होत नसतील तर जागा बदलावी.